फाटकाबाहेर गेलेला फळा

अंगावर खडू झेलता झेलता म्हातारा झालेला एक लाकडी फळा तुमच्याशी बोलतोय, मित्रांनो. माझा जन्म निजामाच्या राज्यातला, औरंगाबादेतला. शफीक मिस्त्रींनी सागाच्या फळ्या जोडल्या, घासून गुळगुळीत केल्या, कोळशाच्या पुडीत डिंक कालवून मला काळेभोर रंगवले आणि शहागंजामागच्या मुलींच्या शाळेत पोचते केले.

तिथे चौथीच्या वर्गात मनकर्णाबाई शिकवायच्या. सकाळी सकाळी त्या वर्तमानपत्रातली एक बातमी माझ्यावर लिहीत आणि मुलींना विचारीत, "हे कुणी पाहिलं? कुणी सांगितलं? आपल्याला कसं कळलं?" शेजारच्या वर्गात पाढे चालत आणि आमच्या वर्गात नुसती वादावादी! मला त्या तासाची फार गोडी लागली होती.

सीताफळांचे दिवस होते. शाळेच्या फाटकाशी जैतुनबी दौलताबादची सीताफळे विकायला बसत. त्या आमच्या वर्गातल्या राहतच्या आजी. एके दिवशी राहत डोळे पुसतच वर्गात आली. गावातल्या एका साप्ताहिकात छापून आले होते, 'करमाड येथे सीताफळे खाऊन माणसे आजारी पडली, असे समजते.' तेव्हापासून जैतुनबींच्या टोपलीकडे कुणी फिरकेना.

"दादी रडती, बाई," राहत म्हणाली. "म्हणती, कोई हात बी नै लगारे."

बाईंनी ती बातमी जशीच्या तशी माझ्यावर लिहिली. 'असे समजते' या शब्दांखाली जाड रेघ ओढली.

"कुणाला समजतं?" त्यांनी विचारले.

साळू ताडकन उठली. "बाई, माझा मामा करमाडचा हाय. उद्या बाजाराला येणार हाय. त्यालाच इचारू!"

दुसऱ्या दिवशी पुंजाराममामा फेटा सावरत वर्गात उभे राहिले. एवढ्या मुली बघून बिचारे घामाघूम झाले.

"आजारी पडले, हे खरं हाय," ते म्हणाले. "पाटलाकडं बारसं व्हतं. मी बी जेवलो अन् पोट धरून बसलो. आता समदे बरे हायेत."

"जेवणात सीताफळं होती का?" राहतने विचारले.

"नाय बा! वरण-बट्टी, वांगं अन् बासुंदी. सीताफळाचं तर मी इथं आल्यावर ऐकलं."

साळूला कोण आनंद! तिने खडू उचलला आणि माझ्यावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिले, 'बासुंदीने माणसे आजारी पडली!'

"बासुंदीनंच, हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारले.

साळूने मामांकडे पाहिले. मामांनी डोके खाजवले. "बासुंदी तर मी खाल्लीच नाय, पोरी. मला गोड आवडत नाय."

सगळा वर्ग खो खो हसला. साळूने हिरमुसून ओळ पुसली. मग मुलींनी भांडत, खोडत, पुन्हा लिहीत नवी बातमी तयार केली: 'करमाडला बारशाला जेवलेली माणसे आजारी पडली. आता ती बरी आहेत. त्या जेवणात सीताफळे नव्हती. आजार कशाने झाला, ते आम्हाला माहीत नाही.'

"माहीत नाय असं लिवलं तर लोक हसतील, बाई," साळू कुरकुरली.

"हसू देत. जेवढं कळलंय तेवढंच लिहायचं."

मग मुलींनी मला उचलले. कुणी कोपरा धरला, कुणी कड, आणि मला थेट फाटकाबाहेर नेऊन जैतुनबींच्या शेजारी उभे केले. भिंतीवरून कधी न हललेला मी भर रस्त्यात! ऊन, टांग्यांची घुंगरे, माणसांची गर्दी. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना राहत मोठ्याने वाचून दाखवू लागली.

एक गृहस्थ थांबले. "छापलेलं खोटं अन् पोरींनी खडूनं लिवलेलं खरं व्हय?"

राहतने मुलींपाठोपाठ बाहेर आलेल्या मामांकडे बोट दाखवले. "चाचा, छापणारे करमाडला गेले होते का? हे मामा तिथं जेवले."

"अन् आजारी बी पडलो!" मामांनी हात वर केला.

गृहस्थांना हसू फुटले. ते टोपलीपाशी उकिडवे बसले. "द्या अम्मा, चांगली पिकलेली बघून द्या." मग दुसरा आला, तिसरा आला. शाळा सुटेपर्यंत टोपलीचा तळ दिसू लागला. जैतुनबींनी उरलेली सीताफळे मुलींच्या ओच्यात टाकली, आणि बिया थुंकण्याच्या शर्यतीत साळू पहिली आली!

पुढे शाळेत गुळगुळीत नवे फळे आले. आज मी मोडक्या बाकांमागे टेकून उभा आहे. अंगावर ओल चढली आहे, कुणीतरी खिळाही ठोकला आहे. कधी ओल्या फडक्याने पुसून मला उन्हात ठेवलेत तर बरे वाटेल.

आणि एक ऐका, मित्रांनो. माझ्यावर खरे लिहा की खोटे, अक्षरे सारखीच ठळक उमटतात. मला तोंड नाही, नाहीतर मीच ओरडून विचारले असते. तुम्हाला आहे. विचारत जा.