तिसऱ्या तारेचं भांडण

एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात, भर गाण्यात, वहिनींच्या गिटारची तिसरी तार पुन्हा सुरातून उतरली. दीर बँडचा गायक. त्याने माइकवरच सांगून टाकलं, "मंडळी, जरा थांबा हं. गिटारचं वय झालंय की वहिनींचं, तेच कळेना!"

सभागृह खो खो हसलं. बावन्न वर्षांच्या वहिनी मान खाली घालून खुंटी पिळत राहिल्या. कानांच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

सामान आवरताना दीर जवळ आला. "राग मानू नका, पण तुम्ही तार फारच जोरात ओढता. पुढच्या कार्यक्रमाला मी दुसरा गिटारवाला बघितलाय. तुम्ही मागे कोरसला उभ्या राहा की."

"कोरसला?" वहिनी म्हणाल्या. "बघू."

दुसऱ्या दिवशी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. खुंट्या ढिल्या झाल्यात म्हणून याच दुकानदाराने दोन महिन्यांपूर्वी त्या बदलून दिल्या होत्या. आता गिटारकडे धड न बघताच तो म्हणाला, "जुनी झालीय मॅडम. नवीन घ्या. आणि खालची ती सूर हलवायची दांडी आहे ना, तिला हात लावू नका, बायकांना हलकी गाणी शोभतात."

वहिनींनी गिटार काउंटरवरून उचलली आणि तडक कामावर गेल्या.

त्या कवळ्या बनवायच्या. दातांच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं. कवळी कुठे टोचते हे म्हाताऱ्यांना धड सांगता येत नाही. ते वहिनींच्या बोटांना कळायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी गिटार टेबलावर आडवी घेतली आणि दिवा खाली ओढला.

तिसरी तार सुरात लावली, बोटाने ओढून सोडली. उतरली. पुन्हा लावली, या वेळी दांडी दाबून सोडली. आता तार चढली होती!

वहिनी थबकल्या. खुंटी ढिली असती तर तार नुसती उतरली असती. चढेल कशाला? म्हणजे तार सुटत नव्हती, अडकत होती. सरकायची आणि परत जागेवर यायची नाही.

त्यांनी कान जवळ नेला आणि खुंटी हळूच फिरवली. टिक. तारा जिथून खुंट्यांकडे वळतात, तिथल्या पांढऱ्या पट्टीच्या खाचेतून आवाज आला होता. खाच तारेला चिमटीत धरून बसली होती.

"अस्सं! आणि बोल मात्र मी खायचे," त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण घास हातात धरून बघत राहिली.

तार बाजूला करून त्यांनी बारीक पॉलिश पेपरची घडी खाचेतून फिरवली. फक्त दोन्ही कडांना. तळ खोल गेला असता तर तार घरघरली असती. चार हात मारायचे, तार बसवून बघायची, पुन्हा चार हात. मग पेन्सिलीचं शिसं किसून खाचेत भरलं. दुकानदाराने खुंटीवर घाईघाईत दिलेले तारेचे आठ वेढे सोडवून नीट तीनच दिले. तार हाताने ताणून ताणून तिची सगळी ढील काढली. बाकीच्या पाच तारांचंही तसंच केलं. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

रविवारी तालमीच्या खोलीत नवा गिटारवाला येऊन बसला होता. वहिनींनी त्याला हसून मान डोलावली आणि आपल्या जागी जाऊन वायर जोडली.

"वहिनी, आपलं बोलणं झालं होतं ना?" दीर म्हणाला.

"तुम्ही बोलला होतात. मी फक्त बघू म्हटलं होतं."

त्यांनी सर्वांत अवघड तुकडा काढला. तार ओढली, दांडी पार खाली दाबली, सोडली, पुन्हा ओढली. मग सूर दाखवणारा ट्यूनर दिरासमोर धरला. काटा बरोबर मध्यावर.

"आज नशीब बरं दिसतंय," दीर पुटपुटला.

वहिनींनी तोच तुकडा आणखी जोरात वाजवला. मग आणखी एकदा. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि नुसता ऐकत बसला. काटा हलला नाही.

नवा गिटारवाला आपली बॅग उघडता उघडता थांबला. "अहो, इथे माझं काय काम आहे?" त्याने दिराला विचारलं.

दीर गोरामोरा झाला. "पण मी यांना शब्द दिलाय, वहिनी."

"तुम्ही दिलात ना? मग तुम्हीच निस्तरा. पाहिजे तर आम्ही दोघं वाजवू. पण मी कोरसला जाणार नाही, आणि तार हळू ओढणार नाही. बायकांना काय शोभतं ते मला शिकवायला कुणी येऊ नये. आणि माइकवरून माझी चेष्टा पुन्हा झाली, तर मी तिथल्या तिथे वायर काढून घरी जाईन."

दिराने दोनदा घसा खाकरला. "चुकलंच माझं," तो म्हणाला, जरा घुश्शातच.

"चला मग. आणि भाऊजी, आता सूर उतरला तर तो गिटारचा नसणार, एवढं ध्यानात ठेवा."

ड्रमवाला खुदकन हसला आणि त्याने काठ्या एकमेकींवर आपटत चार मोजले. वहिनींनी तिसरी तार धरली आणि जाईल तितकी वर ओढली.