नवव्या दिवशी आलेली सळई

मी ओव्हन बोलतोय. पूर्वी मला बोलायला फुरसत नसायची. सकाळी सातला तापायचो तो दुपार टळेपर्यंत. आता गार पडलोय, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचं अंग, काचेचं दार आणि पोटात दोन सळया, एक वर, एक खाली. माणसं त्यांना एलिमेंट म्हणतात. वीज आली की त्या लाल होतात, एवढंच काय ते माझं कर्तृत्व. दुकानात वर्षभर धूळ खाल्ली, मग ताईंनी मला घरी आणलं. नवरा गेल्यावर त्यांनी बिस्किटं विकायला सुरुवात केली होती. चौदा वर्षं आम्ही दोघांनी ते घर ओढलं. फुशारकी मारत नाही, त्याच म्हणायच्या, "हा माझा कमावता मुलगा." भाजणं झालं, मला बंद केलं की डोक्यावर एक थाप मारायच्या. त्या थापेची मी वाट बघायचो.

घरात ताईंचे थोरले भाऊ होते, दादा. उभा जन्म पंखे आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. बाहेरचा कारागीर उंबऱ्यात दिसला की यांच्या कपाळाला आठ्या.

एका सोमवारी माझी खालची सळई तडकली. बिस्किटं वरून करपली, खालून कच्ची राहिली. कारागीर आला, माझी पाठ उघडून म्हणाला, "हे मॉडेल बंद झालंय, ताई. एलिमेंट मागवायला आठ दिवस लागतील. मजुरी धरून नव्या ओव्हनच्या निम्मे पैसे पडतील."

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" दादा उसळले. "मी काय मेलोय का? तायडे, मी बसवतो."

ताईंनी नुसती मान हलवली. कारागिराला सोडायला दारापर्यंत गेल्या, तिथे काहीतरी कुजबुजल्या. आठ दिवस बिस्किटं गेली नाहीत तर दुकानदार दुसरीकडून घेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दादांनी भंगारातून दुसऱ्याच ओव्हनची सळई आणली. ती लांब होती. गुडघ्यावर वाकवून त्यांनी ती माझ्या पोटात कोंबली. वाकवताना तिला बारीक चीर गेली. बटण दाबलं की मीटरजवळचा स्विच खट्कन पडायचा. वर केला, पुन्हा पडला. वीज सळईतून निसटून माझ्या पत्र्यावरून लोंढ्यानं जमिनीत जातेय, हे त्या स्विचला कळलं होतं.

"स्विचच नाजूक झालाय," दादा म्हणाले. त्यांनी माझ्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर सोडवली आणि तिच्यावर टेप गुंडाळली. निसटलेल्या विजेला जमिनीत जायची तेवढीच वाट होती. ती बंद झाली आणि स्विच पडायचा थांबला.

"झालं की नाही?"

"दादा, तुझा हात फिरला की मेलेलं यंत्रसुद्धा उठून बसतं," ताई हसून म्हणाल्या.

तीन दिवस मी छान भाजलं. ताईंच्या पायात चपला असायच्या, हातात जाड मोजे. चौथ्या दिवशी शेवटचं ताट भाजायचं होतं. तेवढ्यात त्यांनी फरशी पुसून घेतली आणि अनवाणीच आल्या. वास छान सुटला होता. त्या खूश झाल्या, आणि मला बंद करायच्या आधीच ओल्या हातानं त्यांनी थाप मारली.

हात उचललाच गेला नाही. दादा दुकानात पाकिटं द्यायला गेले होते. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

नवव्या दिवशी कारागीर खोकं घेऊन आला. ताई गेल्याचं त्याला माहीत नव्हतं.

"ताईंनी मागवून ठेवायला सांगितलं होतं. म्हणाल्या, दादाला इतक्यात सांगू नका, त्याला वाईट वाटेल. त्याचं काम टिकलं तर टिकलं."

चार खिळे घेतानाही घासाघीस करणाऱ्या दादांनी त्यानं सांगितले तेवढे पैसे मुकाट्यानं दिले.

ते खोकं अजून माझ्या पोटात आहे, न उघडलेलं. तुमच्या घरचा स्विच पडला तर त्याला शिव्या देऊ नका, का पडला ते विचारा. एवढंच माझं मागणं.

दादा रोज सकाळी सातला येतात. दार उघडून खोकं बघतात, दार लावतात. माझ्या डोक्यापाशी त्यांचा हात येतो, आणि तसाच मागे जातो.