सोफ्यावरचा देवमासा

फोरमनची उभी नोकरी पिठाच्या गिरणीत गेली, मशीनच्या घरघरीत. रिटायर झाला आणि घरातली शांतता त्याला खायला उठली. तेव्हा लेकीनं लॅपटॉप आणून दिला.

"बाबा, समुद्रात खोल माईक सोडलेत. आवाज इतके जमलेत की संशोधकांना ऐकून संपेनात, म्हणून घरोघरच्या माणसांना वाटून देतात. देवमासा ओरडला की बटण दाबायचं, बस."

फोरमनला नादच लागला. जेवण झालं की गडी टेबलाशी. तिथली रीत अशी, की आवाजाचा एकच तुकडा बऱ्याच जणांना द्यायचा आणि सगळ्यांची खूण एका जागी पडली तरच देवमासा खरा धरायचा. फोरमनच्या खुणा ढीगभर, खरा मात्र एकही नाही. एक तरी आपल्या नावावर लागावा म्हणून जीव नुसता टांगणीला.

शेवटी संशोधक बाईंचा फोन आला. "काका, तुम्हाला देवमासा ऐकू येतो तिथे बाकी कुणालाच काही येत नाही. असंच चाललं तर तुमच्या खुणा वगळाव्या लागतील. हेडफोन लावता ना?"

"लावतो की!" फोरमननं ठोकून दिलं. हेडफोन खुंटीला लटकत होता. ह्याचे कान सुपाएवढे, त्यात चेंगरायचे.

तोंड पाडून तो टेबलाशी बसला. तेवढ्यात आला आवाज! घुर्रर्र... हूंऽऽ. बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. अरे, तुकडा तर अजून सुरूच केला नव्हता!

मान वळवली. सोफ्यावर बायको, तोंड उघडं, दुपारची झोप रंगात आलेली.

फोरमन असा खिदळला की ती दचकून उठली.

"काय झालं हो?"

"तू घोरतेस."

"मी? उभ्या जन्मात नाही!"

"अगं, आजवर शेकड्यानं तुझी नोंद झालीय. देवमासा म्हणून!"

"देवमासा? मला?" ती उसळलीच. पण ह्याचं हसू विरलेलं दिसलं. "मग आता?"

"आता काढतील मला."

तिनं खुंटीवरचा हेडफोन ओढला, त्याच्या शेजारी खुर्ची सरकवली. एक बाजू त्याच्या कानाला धरली, दुसरी स्वतःच्या. "लावा. मी झोपलेच नाही तर घोरेन कशी?"

"म्हणजे घोरतेस!"

"गप ऐका."

नुसती पाण्याची खळखळ. बराच वेळ. मग खालून, लांबून, एक जाडजूड सूर वर चढत आला. दोघं श्वास रोखून बसली.

तिनं कोपर मारलं. "अहो, आता कोण घोरतंय? मी तर जागी आहे!"

त्यानं बटण दाबलं.

दोनचार दिवसांनी बाईंचा फोन. "काका, हा खरा! सगळ्यांची खूण तिथेच आहे. पण मग ते आधीचे सगळे कुठले?"

फोरमननं सोफ्याकडे पाहिलं. बायको डोळे वटारून बसलेली.

"ते पुसून टाका बाई," तो म्हणाला. "ते घरचे होते."