थोरलीचा सत्कार

"जमली न ताई? आता भाऊ येईपर्यंत टिकली पायजे," काठावरून गजेंद्र म्हणाला.

पौर्णिमा खदानीच्या पाण्यात कंबरेपर्यंत उभी होती. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. तिच्या ओल्या हातांवर, पाण्याच्या आतच, लहान पोराएवढी कटला मासळी कल्ले हलवत विसावली होती. गळ तिने नुकताच काढला होता. काढायला वेळ लागला नाही, कारण त्याचा उलटा काटा तिने पकडीने दाबून कधीच सपाट केला होता.

या मासळीत पौर्णिमाचा फायदा काय होता, ते आधीच मांडून टाकावं. म्हणजे पुढे कोणी तिला भोळी म्हणणार नाही. तिला ही खदान हवी होती. सातबाऱ्यावर नाव नको होतं. चार माणसांत बापाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, खदान पौर्णिमा पाहते. सहा वर्षांपूर्वी ती अकोल्याहून, ढेपेचा व्यापार करणाऱ्या नवऱ्याच्या घरून, एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन परतली. तेव्हापासून नांदगाव खंडेश्वरकडच्या त्या गावात तिची ओळख 'वामनरावची आलेली पोरगी' एवढीच होती. घरात तिच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. फक्त पाहुणे आले की ती आतल्या खोलीत असलेली बरी, असं सगळ्यांना वाटे आणि ते कोणाला बोलून दाखवावं लागत नसे.

वामनरावांचा फायदा आणखी जुना होता. शेताच्या टोकाला रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढून झालेला खड्डा होता. त्यात नाल्याचं पाणी साचून तळं झालं. त्यांच्या धाकट्या मुलाने, गजेंद्रने, त्यात मासळीचं बी सोडलं, आणि त्याच वर्षी वामनरावांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. माशांना अभय मिळालं, गजेंद्रला शिव्या. मासे वाढत गेले. मग एका रविवारी बडनेऱ्याचा धम्मदीप नावाचा आयटीआयतला मास्तर गळ घेऊन आला. "मारत नाही काका. धरतो, पाहतो अन् सोडून देतो. बसायचे पैसे घ्या पाहिजे तर," तो म्हणाला. वामनरावांनी रात्रभर विचार केला. जीव जात नाही आणि पैसा येतो, यात माळेला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मास्तर खरंच सोडतो की पिशवीत घालतो, एवढं पाहायला त्यांनी पौर्णिमाला काठावर बसवलं.

ती बसली, पाहत राहिली आणि मास्तरापेक्षा हलक्या हाताची झाली. पुढे अमरावतीहून आणखी गळवाले येऊ लागले, तेव्हा ऑइलपेंटने तिने एक फळा रंगवून काठावर रोवला. हात ओले करूनच मासा धरा. पाण्याबाहेर काढायचाच असेल तर आपला श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही वाटतो. कोरड्या फडक्यात गुंडाळू नका. दुपारच्या उन्हात गळ टाकू नका. गळवाले फळा वाचून हसत आणि तसंच वागत. तिची जरब होती.

आता गजेंद्रला खदानीचं उद्घाटन हवं होतं. खदान तीन वर्षं सुरूच होती, पण भाऊंनी फीत कापली नव्हती. भाऊ म्हणजे तालुक्यातले पुढारी. त्यांच्या हाताला मासा लागला तर पांदण रस्ता होणार होता. न लागला तर?

"न लागला तर नाक कापल्या जाईन आपलं," गजेंद्र म्हणाला होता. "तू सकाळीच धरून ठेव ताई. भाऊनं नुसता गळ हाती घ्याचा. थोरलीच धर. फोटोत भरली पायजे."

थोरली म्हणजे हीच. सगळ्यांत आधीच्या बियातली, शेपटीचा वरचा पंखा फाटलेली. इतक्या वर्षांत ती मोजक्या वेळा गळाला आली होती, आणि दरवेळी पौर्णिमाने तिला धरून, पाण्यातच नीट उभी करून, स्वतःहून शेपटी मारेपर्यंत थांबून सोडली होती.

"नाई धरत," पौर्णिमा म्हणाली होती. "उन्हाळ्याचं पानी हाये. ताप होते तिले."

तेव्हा वामनराव बोलले होते. "एवढं कर पौर्णिमे. मंग खदान तुह्या हाती. चार मान्सात सांगतो मी, भाऊच्या समोर."

तिने मनात बेरीज केली आणि हो म्हटलं. अट एकच घातली. भाऊंनी थोरलीला पाण्याबाहेर काढायचं, फोटो घ्यायचा, लगेच सोडायचं. सगळे हो म्हणाले. हो म्हणायला त्या घरात कोणाला काही लागत नसे.

मच्छरदाणीच्या मऊ कापडाची एक मोठी पिशवी तिने मशीनवर शिवली होती. चार काठ्यांना बांधून ती पाण्यातच उभी केली होती, बाभळीच्या सावलीत. त्यात थोरलीला ठेवून पौर्णिमा बाजूला उभी राहिली. भाऊ नऊला येणार होते.

अकरापर्यंत सावली सरकली, तशी तिने काठ्या उपटून पिशवी दोनदा सरकवली. काठावर मंडप लागला, गजेंद्रने भाऊंच्या हात जोडलेल्या फोटोचं फ्लेक्स आणलं आणि बांधायला दुसरी जागा नव्हती म्हणून तिच्या फळ्यावरच ताणून बांधलं. पौर्णिमाने पाहिलं. पिशवी सोडून तिला वर जाता येत नव्हतं. बारा वाजता पाणी गुडघ्यांना कोमट लागायला लागलं.

"गजू, सोडते मी हिले."

"आले न ताई. फाट्यावर हायेत."

"तू धा वाजताही फाट्यावरच होते म्हन्ला."

"तवा मोठ्या फाट्यावर होते."

मंडपातली माणसं हसली. वामनराव नवं धोतर सावरत काठाशी आले. "दम धर थोडा. सहा साल घरी बसून काढले, एक दुपार नाई निघत काय तुह्यानं?"

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. तेच वाईट होतं.

भाऊ एकच्या सुमारास आले. फीत कापली, नारळ फुटला. गळ त्यांच्या हातात दिला, दोरीचं टोक थोरलीच्या पिशवीत सोडलं, आणि फोटोवाल्याने "ओढा भाऊ" म्हटल्यावर त्यांनी मोकळा गळ ओढला. टाळ्या पडल्या. पौर्णिमाने हात भिजवून थोरलीला उचलली आणि पुढे केली.

"हात ओले करा भाऊ."

भाऊंनी आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं. मासळीचा बुळबुळीत अंगरस पाहिला. गजेंद्र चपळ होता. सत्काराच्या ताटातली शाल त्याने झटक्यात उघडली आणि भाऊंच्या हातांवर अंथरली. थोरली शालीत गेली. कोरडी, जरीची, नवी शाल. तिने एका क्षणात मासळीच्या अंगावरचं पाणी पिऊन टाकलं.

"शाल काढ," पौर्णिमा म्हणाली. "गजू, शाल काढ तिच्या आंगावून."

"ताई, फोटो."

फोटो झाला. मग सरपंचाबरोबर एक. मग फोटोवाला म्हणाला की ऊन मागून येतंय, भाऊ, तिकडून या. आणि भाऊ शालीतल्या मासळीसकट मंडपाला वळसा घालून तिकडून गेले. तेवढ्यात पौर्णिमाची आई, रुख्मिणीबाई, ताट घेऊन पुढे झाल्या. त्यांना या सगळ्यातून काही मिळवायचं नव्हतं. घरात पाहुणी लक्ष्मी आली, तिला रिकामी कशी सोडायची, इतकंच त्यांना कळत होतं. त्यांनी थोरलीच्या डोक्यावर हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. झेंडूचा हार घातला. तो कल्ल्यात अडकला, तो त्यांनी प्रेमाने नीट केला.

थोरलीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"पाहा, भाषन करून राह्यली," सरपंच म्हणाला. सगळा मंडप खदखदून हसला. भाऊसुद्धा हसले, आणि भाषण हा शब्द निघालाच म्हणून माइक जवळ ओढून बोलू लागले. मुक्या जीवांची दया यावर बोलले. वामनरावांच्या गळ्यातल्या माळेबद्दल बोलले. मासळी त्यांनी काखेत नीट धरली होती, कागदाची सुरळी धरावी तशी.

पौर्णिमा निथळत वर आली.

"बाबा, पान्यात सोडाले सांगा."

"थांब वं. मोठी मान्सं बोलून राह्यली."

"ते मरून राह्यली."

"पौर्णिमे." वामनरावांनी आवाज खाली घेतला. "खदान पायजे न तुले? मंग तोंड मिट."

किंमत ठरली होतीच. आता ती चढली होती एवढंच. पौर्णिमाने बापाकडे पाहिलं. मग तिने जाऊन भाऊंच्या काखेतून, शालीसकट, मासळी ओढून घेतली. माइक पडला, त्याची शीळ सगळ्या शिवारात गेली. भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाचा ओघळ राहिला.

ती पाण्यात उतरली. शाल सोडवली. जिथे जिथे शाल चिकटली होती तिथे थोरलीच्या अंगावर कोरडे, निस्तेज पट्टे उमटले होते. हाराचे दोरे कल्ल्यातून एकेक करून काढावे लागले. पाण्यात कुंकू लालसर पसरलं आणि गेलं. पौर्णिमाने तिला दोन्ही हातांवर सरळ उभी धरली, वाहत्या पाण्याकडे तोंड असावं तशी, आणि धरून राहिली. हात जरा सैल केला की थोरली उताणी व्हायची. ती पुन्हा सरळ करायची.

मागे कोणीतरी माइकवर सावरून घेतलं. "आमच्या ताईचं प्रानीप्रेम पाहा," गजेंद्र म्हणत होता, "रडू आलं तिले." पौर्णिमा रडत नव्हती. तिचे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की कानशिलं दुखत होती. भाऊ समजूतदार होते. समजूतदारपणाने जेवायला न थांबता गेले. मग पंगत बसली. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. पाण्यापर्यंत तुपाचा वास येत होता आणि "वाढा, इकडे वाढा" ऐकू येत होतं.

रुख्मिणीबाई एकट्या काठाशी आल्या. "जेवून घे माय. पाह्यजो, होईन ते बरी."

"आई, कुंकू लावलं तवा ते जित्ती होती."

रुख्मिणीबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. हात कोरडेच होते.

दुसरी पंगत बसेस्तोवर थोरलीचे कल्ले हलायचे थांबले. पौर्णिमाने आणखी थोडा वेळ तिला तशीच धरली, कारण सोडायचं कुठे, ते तिला कळेना. मग ती वर आली. अंगाला चिकटलेले कपडे, पायाला गाळ, हातांवर मासळी. मंडपातून सरळ चालत गेली. पाहुणे आले की जिने आतल्या खोलीत असायचं ती पंगतीच्या मधोमध, बापाच्या पत्रावळीसमोर उभी राहिली.

"बाबा, हात पुढे करा."

"हे काय आनलं वं इथं? मान्सं जेवून राह्यली."

"धरा."

"मी माळकरी मानूस हावो."

"ठावं हाये. म्हनून तं तुमच्याकडे आनली. गजू तिले इकून टाकीन, सरपंच कापून खाईन. तुमी काय करान ते पाहू द्या चार मान्साले."

वाढपी वरणाची बादली हातात घेऊन थांबला. गजेंद्र उठला. "ताई, तमाशा नोको करू. तिची भरली होती. सात-आठ सालाची मासळी, कधीतरी जानारच."

"आज सकाळी भरली नोती. एक वाजेपर्यंतही नोती." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाबा. पयले हात ओले करा. फळ्यावर लिवलं हाये. भाऊच्या फोटोमांगं हाये तो फळा."

वामनरावांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळी पंगत पाहत होती आणि कोणीच मध्ये पडत नव्हतं. त्यांनी पत्रावळीशेजारचा पाण्याचा तांब्या कलंडवला, उजवा हात भिजवला, मग डावा. नीट भिजवले, बोटांच्या बेचक्यांसकट, जेवणाआधी धुतात तसे. आणि पुढे केले. पौर्णिमाने थोरलीला त्यांच्या हातांवर ठेवलं. वजनाने त्यांचे हात मांडीला टेकले. माळेचे मणी मासळीच्या खवल्यांवर आले.

हिशेब असा लागला. भाऊंना फोटो मिळाले, सदऱ्यावर डाग पडण्याआधीचे. गजेंद्रला पांदण रस्त्याचं तोंडी आश्वासन मिळालं आणि त्याच दिवशी ते परतही गेलं. सरपंचाला सांगायला एक गोष्ट मिळाली. खदान पौर्णिमा पाहते, हे वाक्य कोणी बोललं नाही आणि पुढेही बोलणार नव्हतं. यातल्या कोणाच्या खिशातून काही गेलं असेल तर फार थोडं गेलं. जिने भरलं तिला या व्यवहारात काहीच नको होतं. ती फक्त तोंडापुढे आलेल्या कणकेच्या गोळ्याला भुलली होती, आणि तो पौर्णिमाने आपल्या हाताने मळला होता.

ती उभीच होती. मंडपात वारा नव्हता. वरण रोडग्यात मुरून गेलं. उकाड्याने वामनरावांचे हात वाळायला लागले तसे ते मान वर न करता, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"आनखी ओले करू काय वं?"

"नाई बाबा," पौर्णिमा म्हणाली. "आता नाई लागत."