खांबामागच्या शंका

रेणुकादास सरांच्या क्लासला पालक आले की सर त्यांना दोन गोष्टी दाखवत. पहिली म्हणजे हॉलमधले खांब. भूकंपाला बारा वर्षं होऊन गेली होती, तरी लातुरात मूल ठेवायचं म्हटलं की पालकांची नजर आधी छताकडे जाई. सर खांबावर थाप मारून म्हणत, "तसा पुन्हा आला तरी हा हलायचा नाही." दुसरी म्हणजे शंका-खिडकीसमोरची रांग. चार ते सात या वेळात ती जिन्याच्या तळापर्यंत पोचे. "बघा, आमची मुलं किती प्रश्न विचारतात."

खिडकीच्या आत शंकांची उत्तरं द्यायला मी बसायचो. एम.एस्सी. फिजिक्स, मूळ गाव देगलूर. मला ठेवताना सर म्हणाले होते, "धम्मानंद, रांग आहे तोवर तू आहेस." नोकरीची इतकी सुटसुटीत अट मी दुसरीकडे ऐकली नव्हती.

मोजायची सवय काही जात नाही. मी प्रत्येक शंका वहीत टिपू लागलो. धडा, वार, विचारणाऱ्याचा बाक. तीन आठवड्यांत चारशे बारा शंका झाल्या आणि त्यांतल्या दोनशे नव्वद फक्त सहा बाकांवरून आल्या, नऊ ते चौदा. तिथली मुलं कच्ची असतील, असं मी धरलं. प्रवेशाच्या वेळचे गुण काढून पाहिले, तर इतरांसारखेच. मग शंका पुन्हा वाचल्या. 'शेवटची ओळ कुठून आली?' 'उजवीकडचा बाण कशाचा?' रविवारी हॉल रिकामा असताना अकराव्या बाकावर जाऊन बसलो. समोर खांब होता. फळ्याचा उजवीकडचा तिसरा हिस्सा त्याच्या मागे.

त्या बाकावरच्या आलोकला विचारलं, "इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"आम्हाला वाटलं सर, खिडकी त्यासाठीच आहे."

पुढच्या रविवारी शिपाई गुंडप्पाला हाताशी घेऊन मी फळा डावीकडे सरकवला. गुंडप्पा मूळचा निलंग्याचा, भूकंप पाहिलेला. म्हणाला, "भूकंपात बी कुणी फळा हलवला न्हवता. तुमी हलवायलाव." सोमवारी रांग दीडपट झाली. आता दुसऱ्या बाजूच्या मुलींना फळा दिसेना. सरांनी खूश होऊन माझ्यासाठी खिडकीत चहा पाठवला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही फळा जागेवर आणला आणि नऊ ते चौदा हे बाक तिरके करून ठेवले. त्या आठवड्यात रोज सहा-सात मुलं आली.

रांग संपली की मीही संपतो, हे मला तेव्हा आठवलं.

गुरुवारी अर्धापूरहून रामकिशनराव मुलीच्या प्रवेशासाठी आले, हातात केळीची फणी घेऊन. मुलगी रूपाली मागे वही घेऊन उभी. सरांनी खांब दाखवले, मग त्यांना जिन्याकडे आणलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"हितं शंका कुणाला येत न्हाई व्हय?" रामकिशनरावांनी विचारलं.

सर माझ्याकडे वळले. "रांग कुठं गेली?"

खोटं सांगून एखादा आठवडा निघाला असता. मी वही उघडून सरांपुढे धरली आणि म्हणालो, "सर, दोन मिनिटं अकराव्या बाकावर बसा." हॉलमध्ये जाऊन मी तो बाक पूर्वीसारखा सरळ केला. सर बसले. डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले.

"इथून तर फळा अर्धवटच दिसतो."

"हो. रांग त्याचीच होती."

"खांब मजबूत हाय पर," रामकिशनराव सरांची समजूत घालत म्हणाले. "आमच्या पोरीला जरा म्होरं बसवा."

सर बाकावरून उठले नाहीत. "मग आता खिडकीत तुझं काय काम?"

"आता येतात त्या खऱ्या शंका आहेत, सर. या आठवड्यातल्या दोन मला सुटल्या नाहीत. तिसरीचं उत्तर मला येतं, पण मुलांना पटेल असं सांगता येत नाही."

"कोणती?"

"सायकलचं चाक घरंगळताना जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो. मग सायकल पुढे कशी जाते?"

"सोपं आहे," सर म्हणाले. उठून खडू घेतला, वर्तुळ काढलं, दोन बाण काढले, एक पुसला.

"चाक थांबतं?" रामकिशनराव म्हणाले. "आमी रोज सायकल चालवतो की."

"चाक नाही बाबा, टेकलेला बिंदू," रूपाली म्हणाली. "पण सर, थांबतो म्हणजे किती वेळ?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर्तुळाकडे. "खाली चला," ते म्हणाले.

खाली गुंडप्पाची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सरांनी मागच्या टायरवर खडूने जाड खूण केली आणि मला सायकल हळू ढकलायला लावली. स्वतः गुडघ्यांवर हात ठेवून चाकाशेजारून वाकून चालू लागले. पलीकडून रामकिशनराव तसेच वाकून. खूण खाली आली, टेकली, वर गेली.

"टेकताना ती मागं बी गेली न्हाई, म्होरं बी न्हाई," रामकिशनराव म्हणाले. "वरून आली, वर गेली."

"पुन्हा," रूपाली म्हणाली. मी पुन्हा ढकलली. असं सात वेळा झालं. सरांचा सदरा घामाने भिजला.

"धम्मानंद, उद्या चारला ही सायकल खिडकीपाशी ठेव," सर धापा टाकत म्हणाले. "मीही येतो. ज्या दोन शंका सुटल्या नाहीत, त्याही आण. आणि ही सायकल रोजच लागेल."

गुंडप्पा इतका वेळ दारात उभा होता. तो म्हणाला, "मंग म्या घरी चालत जाऊ व्हय, सर?"