उडत्या शाईचं कासव

“हात लावू नकोस!” धाकटी एवढ्या जोरात ओरडली, की पुतणीने दचकून हात पोटाशी घेतला. तिला सातवा महिना होता.

“अगं काकू, नुसतं झबलं तर आहे.”

“नुसतं नाही. थांब, उजेडात धरते.”

टेबलावर थोरलीची कात्री होती, टोपण न लावलेला जांभळा पेन होता आणि मधोमध पिवळसर होजिअरीचं झबलं. काल सकाळी याच खुर्चीवरून थोरली कलंडली. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेव्हापासून त्यांच्या भरतकामाच्या दुकानाला कुलूप होतं. आता तिचा चष्मा न्यायला तिची लेक आणि धाकटी जाऊ आल्या होत्या. दवाखान्यात चारला आत सोडत. दोन वाजून गेले होते.

धाकटीने झबलं खिडकीपाशी तिरपं धरलं. छातीवर फिकट जांभळ्या रेघांत एक कासव होतं. मागच्या दोन पायांवर उभं, पुढच्या पायात छत्री.

पुतणी हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. “मला म्हणाली होती, तुझं पोर तुझ्यावर जाणार. सावकाश येईल आणि आल्यावर हवेला नावं ठेवील.”

“ही शाई उडते,” धाकटी म्हणाली. “पाणी लागत नाही, नुसत्या हवेनेच जाते. फार तर दोन दिवस. तुझी आई सकाळी काढायची आणि दुपारच्या आत माझ्याकडून भरून घ्यायची.”

“मग फोटो काढते की.” पुतणीने तीन फोटो काढले. तिन्हींत नुसतं पिवळं कापड आलं. “बरं, मग पेनने गिरव.”

“होजिअरी आहे ती. पेन टेकवला की कापड सरकतं, ते तुझ्या आईच्या हातालाच जमतं. कासवाचा बेडूक होईल. आधी पाठीला पेपर लावून फ्रेमवर चढवायला हवं.”

“मग चढव ना!”

धाकटी थोरलीच्या बाजूच्या फळीकडे बघत होती.

त्या फळीवर चार गुंडाळ्या होत्या. मशीनचे टाके कापडाला आत ओढतात. मागे धरून ठेवणारं काही नसेल तर कापड गोळा होतं, म्हणून पाठीला पेपर लागतो. काम झाल्यावर फाडून काढायचा एक, कात्रीने कापून थोडा मागे ठेवायचा दुसरा, पाण्यात विरघळणारा तिसरा, इस्त्रीने चिकटणारा चौथा. धाकटीला चारही डोळे मिटून ओळखता आले असते. पण बावीस वर्षांत तिने स्वतः पेपर निवडला होता तो एकदाच.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिने एका संघाचे चाळीस टी-शर्ट भरले होते. लवकर उरकतं म्हणून फाडायचा पेपर लावला. पहिल्या धुण्यात सगळी चिन्हं बशीसारखी खोलगट झाली आणि चाळीसही शर्ट परत आले. थोरलीने ते एकटीने उसवले, एक शब्द न बोलता. मग चारही गुंडाळ्या उचलून आपल्या बाजूला नेल्या. त्या दिवसापासून पेपर थोरली लावायची, फ्रेम थोरली चढवायची, धाकटी मशीन चालवायची. धाकटी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या घरात आली होती. थोरली तिला ‘डिग्री’ म्हणायची. कधी लाडाने, बहुतेक वेळा नाही.

“काकू, फिकं होतंय गं.”

“दिसतंय मला.”

तिने आधी विरघळणारी गुंडाळी उचलली. बाळाचं अंग नाजूक, मागे काही उरायला नको. पण तो काढायला झबलं भिजवावं लागलं असतं, आणि पेपर गेल्यावर ताणणाऱ्या कापडाला धरणार कोण? रोज वापरायचं, रोज धुवायचं झबलं. तिने ती खाली ठेवली. चिकटणाऱ्याला इस्त्री लागते, आणि या शाईवर इस्त्री फिरली तर डाग कायमचा बसतो. फाडायच्या गुंडाळीकडे तिने पाहिलंही नाही.

तिने कापायच्या पेपरचा तुकडा काढला.

“आईला विचारता आलं असतं तर,” पुतणी म्हणाली.

“तर म्हणाली असती, डिग्री, बाजूला हो.”

फ्रेममध्ये तिने फक्त पेपर ताणून बसवला. होजिअरी ताणली की काम संपल्यावर आक्रसते, हे थोरलीने कधी शिकवलं नव्हतं; पाहून पाहून कळलं होतं. झबलं वर अलगद पसरलं, कडेने लांब टाके घातले आणि ती मशीनवर बसली. पाठ झाली. डोकं झालं. तीन पाय झाले. दिव्याखाली रेघ दर टाक्याला आणखी फिकी होत होती. शेवटचा पाय संपवून तिने छत्रीकडे पाहिलं.

छत्री नव्हती.

“इथे होती,” पुतणी कुजबुजली. “इथेच होती ना?”

“होती.”

“अंदाजाने काढ. छत्री ती छत्री.”

“माझी छत्री मला काढता येते. तिची हवी आहे.”

धाकटीने डोळे मिटले. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने शाईतला अल्कली संपतो, म्हणून रंग जातो. रंग जातो, शाई तिथेच असते. एकदा एक गिऱ्हाईक भांडायला आलं होतं, धुतल्यावर रुमालावर जांभळ्या रेघा उमटल्या म्हणून. थोरलीने त्याला विचारलं होतं, “धुण्याचा सोडा घातला असेल?”

“सोडा म्हणजे अल्कलीच! मोरीत सोड्याची बरणी आहे. चिमूटभर, वाटीभर पाण्यात. पळ! नको, पळू नकोस, चालत जा.”

पुतणी वाटी घेऊन आली. धाकटीने कापूस बुडवला, घट्ट पिळला आणि रिकाम्या जागेवर टेकवला. काही झालं नाही. पुन्हा टेकवला. आणि ओल्या कापडातून छत्री वर आली. आधी टोक, मग काड्या, मग वाकडी दांडी. खालचा पेपर ओला होऊनही हलला नाही. विरघळणारा लावला असता तर एव्हाना त्याची खळ झाली असती.

धाकटी शिवत सुटली. दांडीच्या टोकाशी रेघेला एक बारीकसा हिसका होता, जणू काल सकाळी तिचा हात तिथेच घसरला असावा. पुतणीनेही तो पाहिला. धाकटीने तो सरळ केला नाही. होता तसा भरला.

सोडा धुऊन, मागचा जास्तीचा पेपर कापून, झबलं पंख्याखाली वाळवून त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा साडेपाच झाले होते.

पुतणीने डोळ्यांवर चष्मा चढवल्यावर थोरलीने डाव्या हातात झबलं घेतलं. कासवाकडे क्षणभर पाहिलं आणि झबलं मांडीवर उलटं केलं. धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

डावा अंगठा पेपरच्या कापलेल्या कडेवरून सावकाश फिरत गेला. पाठीखालून, पायांखालून, छत्रीच्या दांडीपर्यंत. तिथे थांबला. घाईत एक कोपरा टोकदार राहिला होता. अंगठा त्यावर मागेपुढे घासत राहिला.

“आई, काय? दुखतंय का?” पुतणी वाकली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने धाकटीकडे पाहिलं, दोन बोटं वर केली आणि हवेत कात्री चालवली. कच, कच.

“बाळाला टोचेल,” धाकटी म्हणाली. “हो. कळलं.”

तिने पिशवीतून छोटी कात्री काढली. थोरलीने झबलं सोडलं नाही, नुसती डाव्या हाताने कड ताणून धरली. धाकटीने वाकून कोपरा गोल केला.