फोटोपुरती पाखरं

रविवारी सकाळी सात वाजता फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बॅगेत भरत होता आणि त्याची आई चपला घालून दाराशी खुर्चीवर बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल. कुठे निघालीस, हे विचारायची सोयच नव्हती, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तळ्यावर नेतो म्हणाला होतास," आई म्हणाली. "हा कितवा रविवार ते मी आता मोजत नाही."

"आई, आज काम आहे गं. पुढच्या रविवारी नक्की."

"काम कुठे आहे?"

फोटोग्राफर पुन्हा बॅटऱ्या मोजू लागला. काम तळ्यावरच होतं!

"मग घोडं अडलं कुठे?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "गाडीत मागची सीट रिकामीच आहे. आईंच्या वडिलांनी घडवलेल्या पायऱ्यांवर तुम्ही दर आठवड्याला बूट आपटत फिरता आणि त्या मात्र इथे खुर्चीवर!"

वाचकहो, प्रत्येक घरात असा एखादा 'पुढचा रविवार' असतोच. या घरातला त्या दिवशी उजाडला, तोही सुनेमुळे.

आईचे वडील पाथरवट होते. तळ्याच्या दगडी पायऱ्या घडवणाऱ्यांत तेही होते. स्वतः बसवलेल्या दगडाच्या कोपऱ्यात ते छिन्नीने एक बोटभर मासा कोरत. लहानपणी आई त्यांचं जेवण घेऊन जायची आणि मासे मोजत बसायची. ते मासे तिला पुन्हा एकदा बघायचे होते, बाकी काही नाही.

तळं त्या दिवशी काठोकाठ भरलं होतं. काठालगत कमळाची पानं, पलीकडे बदकांचे थवे. पुढच्या महिन्यात लग्न असलेलं एक जोडपं आधीच येऊन थांबलं होतं. आई वरच्या पायरीवर टेकली. खाली होडीतलं पाणी उपसत बसलेली नावाडीण तिच्याकडे बघून हसली. चाळीस वर्षं ती या तळ्यावर होडी चालवत होती.

"दादा, आम्हाला तुमचा तोच फोटो हवा बरं का," होणारी नवरी म्हणाली. "मागे सगळी पाखरं उडताहेत तो."

त्या फोटोमुळेच तर त्याचं नाव झालं होतं. लोक म्हणत, याच्या हातात जादू आहे. जादू म्हणजे पत्र्याचा एक रिकामा डबा आणि एक दांडकं! जोडप्याला उभं करायचं, कॅमेऱ्याला टायमर लावायचा आणि डबा बडवायचा. पाखरं घाबरून उडाली की फोटो तयार.

त्याने डबा काढताच नावाडीण उठून उभी राहिली.

"दादा, आज नको. त्या तिसऱ्या पानांच्या झुबक्यावर कमळपक्षी बसलाय. चार अंडी आहेत. मादी अंडी घालून निघून जाते, बसतो तो बाप. तो उठला तर अंड्यांना कोणी वाली नाही."

"मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. उडेल आणि परत येऊन बसेल."

"तो येईल हो. पण त्याच्या आधी कोण येईल?"

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डबा खणाणला. सगळं तळं एकदम उचललं गेल्यासारखी पाखरं उडाली. नवरीने टाळ्या वाजवल्या. फोटो अप्रतिम आला होता!

आणखी एखादा जवळून मिळतोय का, म्हणून त्याने लांबचं जवळ दाखवणारी मोठी लेन्स लावली आणि पानांवर रोखली. चार अंडी. तांबूस, चकचकीत, उघडी. लांब शेपटीचा तो कमळपक्षी वर घिरट्या घालत होता, खाली उतरायला धजत नव्हता. तेवढ्यात एक डोमकावळा आला. सरळ पानावर उतरला आणि एक अंडं चोचीत धरून उडाला.

"अरे! हाट्, हाट्!" फोटोग्राफर ओरडला. त्याने पुन्हा डबा बडवला. कावळ्याला त्या आवाजाची सवय झालेली होती. तो परत आला. दुसरं नेलं, मग तिसरं. लेन्समधून सगळं हातभर अंतरावर दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. चौथं अंडं कावळ्याच्या धक्क्याने पाण्यात घरंगळलं. मग बाप खाली उतरला आणि त्या रिकाम्या पानावर इकडून तिकडे चालत राहिला.

"काय झालं, दादा?" नवरीने विचारलं. त्याने तिला कॅमेऱ्यातून बघायला लावलं. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, मला... एकच घरटं होतं ना ते?" तो चाचरत म्हणाला.

नावाडीण चिडली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"प्रत्येकाचं एकच असतं, दादा. तुमचा एक डबा, दुसऱ्याचा एक स्पीकर, तिसऱ्याची एक बाटली. तळ्याला मात्र सगळ्यांचं मिळून सोसावं लागतं. दहा वर्षांपूर्वी इथे अशी पंधरा-वीस घरटी असायची. यंदा हे दुसरं. उद्या पाखरंच राहिली नाहीत, तर डबा बडवून उडवाल काय?"

इतक्यात वरून आईची हाक आली.

"अरे, इकडे ये जरा! मासा सापडला, पण अर्धाच."

आई हाताने दगड चाचपत बसली होती. कोपऱ्यात माशाची शेपटी दिसत होती. डोकं पिवळ्या ऑइलपेंटखाली गेलं होतं. आईने चष्मा सावरून अक्षरं वाचली. "लग्नाचे उत्तम फोटो काढून मिळतील." मग खालचा नंबर वाचू लागली आणि पाचव्या आकड्यावर थांबली.

"हा नंबर ओळखीचा वाटतोय रे."

फोटोग्राफर दगडाशी बसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवू लागला. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ती जाहिरात रंगवली होती. आजोबांच्या दगडावर!

"आई, माझं चुकलं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझे वडील म्हणायचे, कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलं की आवाज खाली ठेवावा आणि भिंतीवर रेघ मारू नये. हे तळं आपलं आहे म्हणतोस ना? त्याआधी ते त्या पाखरांचं घर आहे. आपण पाहुणे."

तो उठला, पायऱ्या उतरला आणि डबा नावाडिणीच्या हातात दिला. "होडीतलं पाणी उपसायला होईल का, मावशी?"

"आता बरोबर कामाला लागेल," ती म्हणाली. "बसा सगळे होडीत. पण बोलायचं नाही हं."

होडी तळ्याच्या मध्यावर आली, तेव्हा तिने वल्हं आत घेतलं. अर्धा तास कोणी हललं नाही. हळूहळू बदकं परतली. एक टिबुकली होडीजवळ डोकं बाहेर काढून पुन्हा बुडाली. नवरी नकळत होणाऱ्या नवऱ्याचा हात धरून त्या पाखरांकडे बघत होती. फोटोग्राफरने कॅमेऱ्याचा आवाज बंद करून तेवढा एकच फोटो काढला. आईला तो खूप आवडला.

पुढचे तीन रविवार तो दगडावरचा रंग काढत होता. पायरीवर बसलेली आई सूचना देत होती. "तारेचा ब्रश नको, दगडाची साल निघेल! हळू." दुकानात त्याने पाटी लावली, 'पाखरं उडवून फोटो काढले जाणार नाहीत.' काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. काहींनी कारण विचारलं. त्यांना तो आपलीच लाजिरवाणी गोष्ट काही न लपवता सांगू लागला. हळूहळू दुसऱ्या दोन फोटोग्राफरांनीही डबे बंद केले.

गेलेली अंडी काही परत आली नाहीत. यंदा त्या झुबक्यावर कुणी बसेल की नाही, हे नावाडीणही सांगू शकत नाही.

म्हणून, मित्रहो, तळ्यावर जरूर जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्या, होडीत बसा, जुन्या दगडांवरून हात फिरवा. फक्त आपल्या एका दिवसाच्या हौसेपायी कुणाचं आयुष्यभराचं घर मोडत नाही ना, एवढं आधी बघा. निसर्ग बघायचा असेल, तर त्याला हलवायचं नसतं. आपणच थोडं थांबायचं असतं!